बुगडबाईंची हार्डडिस्क

"दोन्ही नको. एकच काय ते सांग. मेमरी वाढवू, की नवी डिस्क बसवू?"

बुगडबाईंनी वहीत हे लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्यापुढं सरकवली. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत. मी वाचत होतो तेव्हा त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ओठांवरून बोलणं ओळखायची त्यांना सवय होती, पण माझ्या मिशा आड येत होत्या. तसं त्यांनी वहीच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलंही होतं. म्हणून मी लिहायचं, नाहीतर त्यांच्या भाचीनं हातांनी सांगायचं, असं आमचं चाललं होतं.

भाचीचं नाव वैजयंता. सगळे वैजू म्हणायचे. बँकेत नोकरीला होती आणि त्या दिवशी खास रजा काढून आली होती.

"नीट बघून सांगा हं शिकलगार," ती म्हणाली. "मावशीनं फंडातून पैसे काढून ठेवलेत. पुन्हा पुन्हा जमायचं नाही."

"मी चार वर्षं हेच करतोय," मी म्हणालो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. इचलकरंजीत माझं छोटं दुकान होतं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. पाटीवर 'रियाज कॉम्प्युटर्स' लिहिलेलं आणि आत एक टेबल, दोन खुर्च्या. नाव जरा होऊ लागलं होतं.

बुगडबाई चौथ्या वर्षी तापातून उठल्या त्या बहिऱ्या होऊनच. नंतर मूकबधिर मुलांच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण आणि चित्रकला शिकवली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मागांच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. दोन्ही अंगाला यंत्रमागांच्या शेडा. तिथं माणसं ओरडल्याशिवाय बोलू शकत नाहीत, म्हणून भाडं कमी. बाईंना त्याचं काय!

कॉम्प्युटरवर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. शाळेत खेड्यापाड्यातून मुलं यायची. येताना प्रत्येक मूल स्वतःच्या खुणा घेऊन यायचं, घरात आईबरोबर, भावंडांबरोबर तयार झालेल्या. कुणाची भाकरीची खूण वेगळी, कुणाची विहिरीची. शाळेत सगळ्यांची एक भाषा व्हायची आणि त्या घरच्या खुणा वर्षभरात पुसून जायच्या. म्हणून बाई, मूल आलं की पहिल्याच आठवड्यात, त्याला भिंतीपुढं उभं करून कॅमेऱ्यात घ्यायच्या. घरात कोण आहे, काय काय आहे, ते तुझ्या हातांनी सांग म्हणायच्या. बारा वर्षांत हजाराच्या वर मुलं झाली होती. कॅमेऱ्याच्या टेपा महाग, म्हणून एकदा कॉम्प्युटरवर उतरवलं की त्याच टेपेवर पुढचं मूल. आता निवृत्तीनंतर त्या सगळ्याचा कोश करायला बसल्या होत्या. कुठल्या गावात कुठल्या गोष्टीला कुठली खूण.

आणि कॉम्प्युटर अडकत होता. एकेक व्हिडिओ उघडायला पाच-पाच मिनिटं घेत होता.

मी एक जुना व्हिडिओ उघडायला लावला. गोल चकरी फिरत राहिली. मी दुसऱ्या खिडकीत आकडे काढून वैजूला दाखवले.

"हे बघा. मेमरी नव्वद टक्के भरलेली. मेमरी म्हणजे आपला ओटा समजा. डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की सारखं उठून फडताळाकडं जावं लागतं. तेच चाललंय. ओटा मोठा करायचा, झालं. पाच मिनिटांचं काम."

वैजूनं हातांनी ते सांगितलं. ओटा आणि फडताळ सांगताना तिला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही ओढली.

"नवे व्हिडिओ लगेच उघडतात. फक्त जुने अडकतात. ओटा लहान असेल तर दोन्ही अडकायला हवेत ना?"

मी ते दोनदा वाचलं. प्रश्न बरोबर होता. मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही हे वैजूला दिसू नये म्हणून मी पेन घेतलं.

"जुन्या व्हिडिओची पद्धत वेगळी असते. त्याला जास्त मेमरी लागते," मी लिहिलं.

"नवी डिस्क बसवली तर?"

"मग सगळं एका डिस्कवरून दुसरीवर उतरवावं लागेल. दोन दिवस कॉम्प्युटर माझ्याकडं. आणि गरज नाही."

वैजू पाणी आणायला आत गेली. ती परत आली तोवर मी पेटीची झाकणं काढून ठेवली होती. बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती.

"मुलं सुरक्षित आहेत ना?"

मी मान डोलावली.

दुकानातून आणलेली मेमरीची पट्टी बसवली. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. बाईंनी लागोपाठ चार-पाच व्हिडिओ उघडून बघितले. एका पोरानं दोन्ही हातांनी गुऱ्हाळ दाखवलं, चरक, कढई, वर येणारा फेस, आणि शेवटी बोट चाटलं. बाईंनी माझ्याकडं बघून तेच बोट चाटून दाखवलं. खूप आनंदात होत्या. मला बेसनाचे दोन लाडू खायला लावले आणि दोन कागदात बांधून दिले. दोन वाजता मला एका कॉलेजवर पोचायचं होतं. तिथं चाळीस कॉम्प्युटरचं काम मिळायची शक्यता होती. मी लाडू गाडीच्या डिकीत टाकले आणि निघालो. काम मिळालंही.

पाच आठवड्यांनी वैजूचा फोन आला.

"कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतंय."

"काय येतंय ते वाचा."

तिनं वाचलं. मी कॉलेजच्या कामात होतो, ते तिथंच टाकून निघालो.

बाईंनी दार उघडलं तेव्हा चेहऱ्यावर काळजी फारशी नव्हती. मी आलो म्हणजे झालं, असाच तो चेहरा होता. मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपनं ती ओळखलीच नाही. दुसरी वायर लावून बघितली, दुसऱ्या बाजूनं लावून बघितली. वैजू माझ्या पाठीशी उभी होती.

"ओटाच लहान होता ना?" ती म्हणाली.

डिस्क कापडात गुंडाळून दुसऱ्या दिवशी पुण्याला घेऊन गेलो. मेलेल्या डिस्कवरचं काढून देणारी एक प्रयोगशाळा होती तिथं. माझ्या पदरचे पैसे भरले. वैजूला ते सांगितलंही, आणि सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. डिस्कच्या आतल्या चकतीवर ओरखडे पडले होते. वाचणारी सुई चकतीवर घासत राहिली होती. त्यांना फक्त फाइलींच्या नावांची यादी मिळाली. अक्काताई, मौजे अमुक. इराण्णा, मौजे तमुक. अकराशे चाळीस नावं, छापून दिलेली. आत काही नाही.

ती यादी घेऊन मी बाईंकडं गेलो. दोन्ही शेडांमध्ये माग चालू होते. पाण्याच्या तांब्यावरचं फुलपात्र थरथरत होतं. वैजूला माझ्या कानाजवळ येऊन बोलावं लागत होतं. बाईंनी यादीची पानं एकेक करून उलटली. काही नावांवर बोट ठेवून थांबायच्या, आठवायच्या, पुढं जायच्या. सगळी पानं होईपर्यंत आम्ही दोघंही बसून राहिलो.

मग वैजू म्हणाली, "मी पुण्याला फोन केला होता त्यांना."

"कशाला?"

"विचारायला, हे असं अचानक होतं का म्हणून. ते म्हणाले, अचानक नाही. अशी डिस्क महिना-दोन महिने आधीपासून आवाज करते. टकटक. कुठल्याही रिपेअरवाल्याला कळतं म्हणाले." ती माझ्या अगदी कानाशी होती. "तुम्ही मेमरी बसवलीत तेव्हा ती आवाज करत नव्हती?"

"ह्या खडखडाटात काय ऐकू येणार ओ?" मी म्हणालो. हातानं भिंतीकडं दाखवलंसुद्धा.

वैजूनं मान हलवली. तिला ते पटलं. पहिल्या दिवशी गल्ली कशी होती हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि ज्याला कान आहेत त्याला पटण्यासारखंच होतं. तिनं मावशीकडं वळून हातांनी सगळं सांगितलं, पुण्याचं म्हणणं आणि माझं म्हणणं.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पायातली घरातली चप्पल काढली आणि उघडा पाय फरशीवर टेकवला. तशाच थोडा वेळ बसल्या. वही घेतली. लिहिताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला.

"त्या दिवशी माग बंद होते. मजुरीचा संप होता. नऊ दिवस माझी फरशी निजल्यासारखी होती. तू आलास तो सहावा दिवस."

वैजूनं माझ्या खांद्यावरून ते वाचलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही.

मी ऐकलं होतं.

ती पाणी आणायला आत गेली तेव्हा. चकरी फिरत होती आणि पेटीतून टक् असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. मग घासल्यासारखं काहीतरी. गल्लीत चिडीचूप होतं. आत माठाचं झाकण उचलल्याचं ऐकू येत होतं, तितकं शांत. या धंद्यात तो आवाज एकदा ऐकला की माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही. डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते. त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद करायचा, डिस्क काढून न्यायची, आणि रात्रंदिवस बसून जेवढं हाताला लागेल तेवढं उतरवून घ्यायचं. दोन दिवस तरी. मग कॉलेज गेलं असतं. आणि आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, मी ओटा आणि फडताळ सांगून बसलो होतो. एका बहिऱ्या बाईनं मला बरोबर प्रश्न विचारला होता आणि मी तिला थाप मारून गप्प केलं होतं. आता मीच म्हणायचं, तुमचंच खरं?

त्या खोलीत ऐकू येणारा मी एकटा होतो. पुढच्या आठवड्यात येऊन बघू, असं मनाशी म्हटलं आणि पट्टी बसवली. पुढच्या आठवड्यात मी आलो नाही.

"बोला की," वैजू म्हणाली. "ऐकलं होतं का नाही?"

मी बाईंकडं बघून मान डोलावली. त्याच खुर्चीत बसून त्या दिवशी डोलावली होती तशीच.

वैजू उठली. "निघा तुम्ही," म्हणाली. "मावशीसमोर बसू नका. निघा."

मी उठलो, पण बाईंनी माझी बाही धरली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला खाली बसवलं आणि वहीत लिहिलं, "आवाज कसा होता?"

मला आधी कळलंच नाही. त्यांनी टेबलावर स्वतःचा तळहात पालथा ठेवला आणि माझ्या बोटाकडं खूण केली.

मी बोटानं टेबलावर वाजवून दाखवलं. टक्. थांबून, टक्, टक्. मग नखानं लाकडावर ओढलं. त्यांचा हात टेबलाला चिकटलेला होता. डोळे मिटलेले. मागांच्या हादऱ्यातून तेवढंच वेगळं काढायचा त्या प्रयत्न करत होत्या. पुन्हा, असं त्यांनी दुसऱ्या हातानं सांगितलं. मी पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदाही.

डोळे उघडून त्यांनी लिहिलं, "एवढा मोठा?"

त्यानंतर वैजू माझ्याशी कधी बोलली नाही. बाईंकडं मात्र मी जात राहिलो. बोलावलं नव्हतं, तरी जायचो. जुन्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून दिली, तीही माझ्याच पैशानं. बाईंनी नको म्हटलं नाही आणि चहाही विचारला नाही. आठवतील त्या खुणा त्या कागदावर काढू लागल्या होत्या. चित्रं चांगली काढायच्या. पण खूण म्हणजे हालचाल, ती चित्रात थांबून राहते. एकेका खुणेला चार-चार चित्रं, बाण, मग ते खोडून नवे बाण. मी ते कागद स्कॅन करून ठेवायचो आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवायचो. कॉपी झाल्यावर दरवेळी त्यांना तिन्ही दाखवायचो. त्या बघायच्याही नाहीत.

पुढच्या पौषात एके दिवशी मी स्कॅन करत बसलो होतो तेव्हा दाराशी एक गृहस्थ आले. साठीचे, पांढरी टोपी, हातात पितळी डबा. मला बघून ते थबकले.

"बाई हाईत न्हवं?"

"आहेत. या की. आपण?"

"मी अण्णासो चौगुले. शिरोळकडनं आलोय. दूध संस्थेत मापाडी हाय." चपला काढून ते आत आले आणि बाईंना वाकून नमस्कार केला. डबा पुढं ठेवला. "खवा हाय. घरचा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आमच्या राजमतीची कॅसेट बघाय आलो व्हतो. दरसाली येतो. बाई दावत्यात."

बाईंनी त्यांचे ओठ वाचले असावेत. त्या जागच्या उठल्या नाहीत.

"राजमती आपली मुलगी?"

"व्हय. बाईंच्याच शाळंत हुती. अकरा वर्साची असताना काविळीनं गेली. ह्याच म्हैन्यात." ते कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर सवयीनं बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती हुती तवा आमाला काय तिचं कळायचं न्हाई. हातवारे करायची, आमी आपलं व्हय व्हय म्हणायचं. ती गेल्यावर बाईंनी ही कॅसेट दावली. त्यात घरातल्या समद्यांची नावं सांगती ओ हातानं. आईला येक, म्हशीला येक. मलाबी येक नाव ठेवलं हुतं पोरीनं. मला म्हाईतच नव्हतं."

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी वही ओढून घेतली होती. दोनच वाक्यं लिहिली आणि वही माझ्याकडं फिरवली.

"सांग. तुला बोलता येतं."

भिंतीपलीकडं माग चालू होते. मला ओरडूनच सांगावं लागलं.

"मामा, ती कॅसेट गेली."

"गेली म्हंजे? कुणी नेली?"

"नेली नाही. हा कॉम्प्युटर बिघडला. त्यातलं सगळंच गेलं. सगळ्या मुलांचं."

ते बंद पडद्याकडं बघत राहिले. पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत असणार.

"दुरुस्तीवाल्याला दावायचं न्हाई का मग येळंवर?"

"दाखवलं होतं," मी म्हणालो. "मीच तो दुरुस्तीवाला. मला कळलं होतं बिघडतंय ते. मी कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"घाईत होतो."

पुन्हा विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही. टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं पाठ करून बाईंसमोर वळले आणि ओठ नीट दिसतील असं तोंड उघडून सावकाश म्हणाले, "माझं नाव. ती कशी करायची?"

बाई उभ्या राहिल्या. उजवा हात खांद्याइतका वर उचलला, माप धरल्यासारखी मूठ केली आणि ती कलती केली, दूध ओतल्यासारखी. अण्णासो पुढं झुकले. व्हय, व्हय, असं मान हलवून सांगू लागले. मग बाईंनी मूठ उघडली आणि बोटं गालाला टेकवली. तिथून काढून हनुवटीला लावली. हात खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माप, ओतणं, आणि मग बोटं कपाळाकडं निघाली आणि मध्येच थांबली.

त्यांनी अण्णासोंकडं बघितलं.

"मला काय इच्यारू नगा बाई," अण्णासो म्हणाले. "मी दरसाली आलो, पर मी तिच्या तोंडाकडंच बघायचो. हाताकडं माझं ध्यानच नसायचं."

बाईंनी आणखी दोनदा करून बघितलं. एकदा डाव्या हातानं. मग बसल्या आणि वहीत काहीतरी लिहून वही माझ्यापुढं टाकली.

"काय म्हणत्यात?" अण्णासोंनी मला विचारलं.

"खात्री नाही, म्हणतात."

"गालालाच आसंल," ते म्हणाले. "पोरगी मायाळू हुती." बाईंनी ते ओठांवरून वाचलं आणि नाही अशी मान हलवली. खोटं सांगून त्यांची समजूत घालायची नव्हती त्यांना.

"बरं," अण्णासो म्हणाले. डबा तिथंच राहू दे, पुढच्या खेपेला नेईन, असं म्हणाले आणि पुढची खेप कशाची हे त्यांनाच आठवलं असावं, कारण मग त्यांनी खवा बाईंच्या ताटलीत काढून दिला आणि रिकामा डबा पिशवीत ठेवला. दारात जाऊन चपला घातल्या. पायरीवर उतरताना त्यांनी उजवा हात खांद्याइतका वर उचलला, मूठ केली, दूध ओतल्यासारखी कलती केली, बोटं उघडली. आणि तो हात तसाच, कुठंही न टेकता, हवेत राहिला.